नावातच तोरा

पैसे मोजून तण विकत आणणारा आमच्या वाड्यावरचा मी पहिलाच माणूस असेन. ३० रोपं, एकेक २५ रुपयांना, वर टेंपोचं भाडं वेगळं. आणि ती लावताना भर पावसात चिखलात बसून मी एकेका रोपाला स्वतःच्या हाताने शेणखत घातलंय, हे तर कुणाला सांगायचीही सोय नाही.

त्याचं असं झालं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं त्यात आमच्या परसातला मानकुराद पडला. आजोबांनी लावलेला, कौलांच्या वर कधीच गेलेला आंबा, आणि तोही ऐन मे महिन्यात, फळांसकट. इकडे गोव्यात फोंड्याकडे आमच्या भागात तीन दिवस लाइट नव्हती, मोबाइल बंद, आणि आम्ही घरातली सगळी मेणबत्ती लावून हिरवे-पिकलेले आंबे निवडत बसलेलो. आई काही बोलली नाही. लाकूड कापायला माणसं आली तेव्हा मात्र ती उठून देवाच्या खोलीत गेली आणि कटरचा आवाज थांबेपर्यंत बाहेर आली नाही.

झाड गेलं आणि परसात एकदम ऊन आलं. आमचं परस उताराचं, वर घर, मध्ये विहीर, खाली व्हाळ, म्हणजे ओढा. इतकी वर्षं त्या आंब्याच्या सावलीत आणि पाल्याखाली माती गप्प बसलेली होती ती पहिल्या पावसातच लाल पाणी होऊन खाली धावायला लागली. गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिन्यांत ३,००० मिलीमीटरच्या आसपास, आणि जांभ्यावर माती ती किती, वीतभर. मला झोप येईना. रात्री पाऊस वाढला की वाटायचं, चालली आपली जमीन झुआरी नदीत.

म्हणून नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, वेडेलिया लावा. बारा महिने पिवळं फूल, पाणी नको, खत नको, माती घट्ट धरणार, मेंटेनन्स झिरो. त्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे आज कबूल करतो. फक्त वेडेलिया कुठे थांबतं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुम्ही हे बघितलेलं असणारच. हायवेच्या दुभाजकात, रिसॉर्टच्या उतारावर, सरकारी ऑफिसच्या बागेत चकचकीत हिरवी पानं, तीन टोकांची, आणि वर शेवंतीच्या धाकट्या बहिणीसारखी पिवळीधमक फुलं. दिसायला छानच. मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं इकडचं. नाव पडलं ते १७व्या शतकातल्या वेडेल नावाच्या जर्मन प्राध्यापकांवरून. आता शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून स्फॅग्नेटिकोला असं काहीतरी जीभ वळेना असं ठेवलंय, पण नर्सरीवाले वेडेलियाच म्हणतात आणि मीही तेच म्हणतो, कारण त्यातलं वेड मला पुरेपूर लागू आहे.

पहिलं वर्ष मजेत गेलं. माती थांबली. फोटो काढून स्टेटसला टाकले. दुसऱ्या वर्षी ते हळदीच्या वाफ्यात शिरलं. तिसऱ्या वर्षी आईचं तेरं, म्हणजे आमचं रानटी अळू, दिसेनासं झालं, मग आल्याचा वाफा गेला, मग एक दिवस विहिरीच्या कठड्यावरून पिवळं फूल आत डोकावताना दिसलं. या झाडाची खोड अशी की जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. बी वगैरेच्या भानगडीत ते फारसं पडतच नाही, गरजच नाही त्याला. तुम्ही कोयत्याने कापून दहा तुकडे केले की दहा झाडं. मी नेमकं तेच केलं. वर आणखी शहाणपणा म्हणजे कापलेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं आणि उरलेलं व्हाळाच्या कडेला. महिन्याभरात खड्डा हिरवा. पुढच्या पावसात व्हाळाच्या खालच्या अंगाला दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या बुडाशी पिवळी फुलं, आणि त्या कुळागराचे मालक मला देवळात भेटले तेव्हा हसून म्हणाले, तुमचं फूल आमच्याकडे पोचलं हां. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जातींची एक यादी आहे, त्यात हे आहे, असं मला लेकीने फोनवर शोधून दाखवलं. विकत आणल्यानंतर तीन वर्षांनी. परकं आहे म्हणून माझा राग नाही, तसं बघायला गेलं तर काजू, मिरची, अननस, पपई सगळं त्याच बाजूने जहाजात बसून आलेलं, आणि परक्याचा राग धरायचा तर आधी फेणी सोडावी लागेल. राग आहे तो याचा की ते कुणाला जागाच देत नाही. काजूच्या झाडाखालीसुद्धा चार गवतं असतात. याच्याखाली काही नाही. नुसती वेडेलियाखाली वेडेलिया.

औषध मारा असं तिघाचौघांनी सुचवलं. पण उताराच्या मधोमध विहीर, आणि त्या विहिरीचं पाणी आम्ही अजून पितो, त्यामुळे तो विषयच नव्हता. २०२३ची दिवाळी झाल्यावर सुरू केलं ते २०२४च्या मेपर्यंत रविवारचे रविवार हाताने उपटलं. ओल असताना निघतं, माती सुकली की पेर तुटून आत राहतं, म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचं, सकाळी खुरप्याने सैल करून पूर्ण दोरी ओढायची, ती पोत्यात, पोतं दोन महिने उन्हात पत्र्यावर. मोकळ्या झालेल्या जागेवर फ्रिजचे, टीव्हीचे पुठ्ठे अंथरले आणि वर माडाची चुडतं. कुठूनतरी कोवळं पान वर आलं की ते काढायचं, पुढच्या रविवारी दुसरं. माझी कंबर आणि बायकोचा संयम या दोन्हीची त्या सहा महिन्यांत पुरती परीक्षा झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि मी पुठ्ठे काढले. कुजून त्यांचा लगदा झालेला. खाली उघडी लाल माती, आणि माझ्या पोटात परत तोच गोळा, की आता ही वाहून जाणार. आठ-दहा दिवसांनी सकाळी दात घासत मागे गेलो तर सगळ्या उतारावर हिरवी लव. जवळ जाऊन बघितलं तर बोटभर रोपटी, हजारोंनी, एकाला एक लागून. मी तिथेच ब्रश तोंडात धरून उपटायला सुरुवात केली. सहा महिन्यांची सवय, हात आपोआप गेला.

मागून आईचा आवाज आला, "आरे, तें तण न्हय, तायखिळो तो!"

आमच्या घरात कोंकणी आणि मराठी अशी पिंडात कालवल्यासारखी झालेली आहे. आई बोलते कोंकणी, पेपर वाचते मराठी, अभंग म्हणते मराठी, आणि रागावते परत कोंकणीत. ती ७८ वर्षांची. गुडघ्यांमुळे उतारावर येत नाही, वरच्या पायरीवर उभी राहून हुकूम सोडते. त्या दिवशी मात्र कठड्याला धरून खाली आली, वाकली, आणि माझ्या हातातली उपटलेली जुडी घेऊन ओच्यात टाकली. दुपारी ताटात तीच.

तायखिळो म्हणजे तुमचा टाकळा. कोकणात, घाटावर, सगळीकडे असतो, पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष नाही तिथे. फोंड्याच्या बाजारात जूनमध्ये बायका केळीच्या पानावर वाटे लावून बसतात, त्यात तेरं, तायखिळो, कुड्डूक असल्या पावसाळी भाज्या असतातच. मी आजवर तो बाजारातूनच आणलेला. परसात उगवला तर ओळखला नाही, ही माझी अक्कल. अर्थात बाजारात तो नुसत्या शेंड्यांच्या रूपात असतो, जमिनीत उभा असतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा, असं मी आईला सांगून बघितलं. ती म्हणाली, वांगं तरी ओळखतोस ना झाडावर.

भाजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पानं कोवळी हवीत, रोप चार-सहा इंचाचं असताना. धुऊन बारीक चिरायची. कच्च्या पानाला चुरगाळलं की एक उग्र वास येतो, बुळबुळीत, नकोसा, म्हणून तर गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच गुरांच्या वाटेवर हाच तेवढा उरलेला दिसतो. पण कढईत तेलावर कांदा, हिरवी मिरची, आणि त्यावर हा पाला पडला की पाच मिनिटांत तो वास जातो. फणसाच्या आठळ्या, आमच्याकडे भिकणां म्हणतात, त्या आधी उकडून, सोलून, हाताने मोडून घालायच्या. मीठ, चिमूटभर गूळ, आणि वरून ओलं खोबरं, हात आखडता न घेता. भिकणां मे महिन्यात फणस खाल्ले त्याचीच, मातीत किंवा राखेत घोळवून कोपऱ्यात ठेवलेली. म्हणजे एका भाजीत सरलेला उन्हाळा आणि आलेला पाऊस. पेज आणि ही भाजी असली की मला दुसरं काही लागत नाही. फक्त रोज खायची नाही. सोनामुखीच्या कुळातली आहे ती, हे मी त्या जूनमध्ये सलग चार दिवस खाऊन पाचव्या दिवशी ऑफिसात अनुभवलं, तपशील नको.

शेजारच्या आंटीकडे तायखिळो होतोच, फक्त त्यांच्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, पडतात. आंटी दरवाजातून हाक मारून एक वाटी देते आणि आई श्रावण नसेल तर घेते. श्रावण असेल तरी घेते, आम्हाला देते. गेल्या वर्षी दोघींची कठड्यापाशी उभं राहून जुंपली होती, की भाजीत हळद घालायची की नाही. अर्धा तास. निकाल लागला नाही.

आता याचं शास्त्रीय नाव, त्यात एक गंमत आहे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये याला कॅसिया टोरा म्हटलं, आता सेना टोरा म्हणतात. टोरा हे लॅटिन नाही. श्रीलंकेत सिंहली भाषेत याला पेती-तोरा म्हणतात, तिथला तो तोरा. पण मराठी माणसाने ते नाव वाचलं की त्याला दुसरंच काही सुचतं. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही, आणि उभा कसा बघा, तोऱ्यात. संस्कृतात चक्रमर्द. चक्र म्हणजे नायटा, तो गोल पसरतो म्हणून, आणि त्याचं मर्दन करणारा. बी आंबट ताकात वाटून नायट्यावर लावायची पद्धत जुनी, आजी लावायची आम्हाला. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी नायटा व्हायचा आणि पावसाळ्यातच हा उगवायचा, पण बी यायची पावसाळा संपताना, म्हणून मागच्या वर्षीची बी औषधाच्या डब्यात पुडीत असायची. मी आता मेडिकलमधून ट्यूब आणतो. आजीचा लेप फार झोंबायचा.

पहिल्या वर्षी आम्ही खाऊन खाऊन किती खाणार, वाड्यावर सगळ्यांना दिला, तरी अर्धा उतार उरला. आईचं म्हणणं स्पष्ट, "ल्हान आसतना खावचो, व्हड जाल्यार गोरवांय खायनात." म्हणजे लहान आहे तोवर खा, मोठा झाल्यावर गुरंसुद्धा विचारत नाहीत. आणि मोठा झालेला काढून टाक, हे त्यातलं न बोललेलं. पण मला तो काढवेना. एक तर माती धरून ठेवली होती त्याने, ज्या कामासाठी मी साडेसातशे रुपये मोजले होते ते काम हा फुकटात करत होता. शिवाय सहा महिने उपटून माझा हात खरंच विटला होता. म्हटलं, राहू दे.

त्या राहू देण्यामुळे मला तायखिळो पहिल्यांदा नीट दिसला. संध्याकाळी सहा-साडेसहाला बघा कधी. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी, आकार उलट्या अंड्यासारखा. दिवसभर पसरलेली ती पानं अंधार पडायला लागला की हळूहळू खाली कलतात आणि जोडीजोडीने मिटतात. पूर्ण उतार मिटतो. दुपारी ज्याच्याखाली माती दिसत नव्हती तिथे रात्री टॉर्च मारला तर मध्ये मध्ये माती दिसते. पहिल्यांदा मला वाटलं की पाणी साचून झाडं मान टाकतायत, सकाळी बघतो तर ताजीतवानी. खालच्या पानांच्या जोडीमध्ये देठावर एक बारीकशी तांबूस काडी उभी असते, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. तायखिळ्याला अशा काड्या खालच्या दोन्ही जोड्यांत असतात, त्याचा एक जुळा भाऊ आहे त्याला फक्त सगळ्यात खालच्या जोडीत एकच. चष्मा पुसून पुसून मोजल्या मी. आमच्याकडचा दोन काड्यांचा, म्हणजे अस्सल.

फूल आलं ते चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आसपास. वेडेलियाचं फूल वर तोंड करून बघा बघा म्हणतं, याचं तसं नाही. पानांच्या बेचक्यात, बहुतेक जोडीने, थोडं खाली मान घालून. पाच पाकळ्या, पण सारख्या नाहीत, वरची एक टोकाला जराशी चिरलेली. रंग मात्र शुद्ध पिवळा, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. मध नाही त्यात. आहे ते फक्त परागकण, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या भोकातून सांडतात, मिठाच्या डब्यातून मीठ शिंपडावं तसे. या कुळातल्या बऱ्याच फुलांवर माशी येऊन धरून राहते आणि जोरात अंग थरथरवते, मग भुरभुर पराग बाहेर. हे आपण वाचतो आणि विसरतो. मी ते ऐकलं. सकाळी पाऊस थांबलेला, व्हाळाचाही आवाज कमी, आणि फुलाशी कान नेला तर अगदी बारीक झूं, थांबून परत झूं, मिक्सर दोन खोल्या पलीकडे चालू-बंद करावा तसं.

तोवर अर्ध्या झाडांची पानं कुरतडलेली होती. आधी मला राग आला, हे सवयीचंच. मग पानावर एक पांढरी उभी काडी दिसली, सुईच्या टोकाएवढी, मध्ये फुगीर, जणू कुणी बारीक चिनीमातीची बाटली उभी करून ठेवलीय. फुलपाखराचं अंडं. शेजारच्या पानाच्या शिरेवर त्याची अळी, रंग इतका पानाचा की हललीच नसती तर दिसली नसती, बाजूने एक फिकट रेघ. मॉटल्ड एमिग्रंट आणि कॉमन ग्रास यलो या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या याच पानावर वाढतात. एक फिकट पांढरट-हिरवं, दुसरं पिवळंजर्द, काळ्या कडेचं. तीन वर्षं वेडेलियाच्या फुलांवर फुलपाखरं येऊन बसलेली मी बघितली होती आणि त्यात खूश होतो. ती येत होती आणि जात होती, अंडं एकानेही तिथे घातलेलं दिसलं नाही. इथे जन्मत होती. चवथीला घरी आलेली माझी बहीण म्हणाली, परसात पिवळं कागद फाडून टाकलंय का कुणी. तीस-चाळीस पिवळी फुलपाखरं ओल्या मातीवर बसलेली.

चवथीवरून आठवलं. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायची तर रानातलं काय काय शोधून आणावं लागतं, कांगलां, माट्टीची फळं, घागऱ्यो, आंबाडे. घागऱ्योही रानटी पिवळ्या फुलाचीच, शेंग वाळली की आत बी घुंगरासारखी खुळखुळते. तिला माटोळीत मान. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं, त्यात लोक शेकड्यांनी रानातल्या वस्तू आणून बांधतात. मी आईला म्हटलं तायखिळ्याची एक फांदी बांधूया का, फुलासकट. ती म्हणाली, तो खायचा, बांधायचा नव्हे. प्रत्येकाची जागा ठरलेली तिच्या डोक्यात, आणि तिथे अपील नाही.

आता माझी चूक क्रमांक दोन. ऑक्टोबरमध्ये लेकीच्या पुण्यातल्या कॉलेजची गडबड निघाली, दोन आठवडे तिकडे गेलो. जाताना झाडांवर शेंगा होत्या, हिरव्या, वितीएवढ्या लांब, विळ्यासारख्या वाकड्या, बोटात फिरवल्या तर चार कडा लागतात. वाटलं, किती छान. परत आलो तर सगळ्या वाळून तडकलेल्या. एक शिल्लक होती ती फोडून मोजलं, २७ बिया, तपकिरी, चकचकीत, तिरप्या कापलेल्या, कंदी पेढ्यातून खडा लागावा तशा कडक. २७ गुणिले शेंगा गुणिले झाडं. हिशेब मी अर्ध्यावर सोडला. त्या बियांचं कवच इतकं टणक की सगळ्या एकाच वर्षी उगवत नाहीत, काही मातीत वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहतात. आई म्हणते आंबा लहान होता तेव्हा तिथे तायखिळोच असायचो. आताचा त्याचाच की नाही, कोण सांगणार. आणि मग २०२५च्या जूनमध्ये जे उगवलं ते उतारावर मावेना, तुळशीच्या वृंदावनाच्या फटीत, पायऱ्यांच्या सांध्यात, स्कूटरच्या शेडमध्ये.

तर आता घरात एक वेळापत्रक आहे. जून-जुलैमध्ये खायचं, आणि खाणं हेच खुरपणं, रोज एक पट्टा, मुळासकट उपटून, शेंडे भाजीला, बाकी माडाच्या बुडात. पायऱ्या, वृंदावन आणि विहिरीभोवतालचं आधी. जुलैच्या शेवटाला जे उरतं त्यातली कडेची पंधरा-वीस झाडं फुलपाखरांसाठी राखीव, तिथे आईनेही हात लावायचा नाही. उतारावर मी आता वाळा लावलाय, माती धरायला. आणि दसऱ्याच्या आसपास, शेंग हिरवी आहे तोवर, राखीव झाडंही काढायची. थोड्या शेंगा तेवढ्या ठेवायच्या, आईच्या पुडीसाठी.

बियांचा उपयोग मी शोधून बघितला नाही असं नाही. भाजून कॉफीसारखी पितात. चीनमध्ये, कोरियात, जपानमध्ये त्याचा चहा असतो. मी तव्यावर भाजायला घेतल्या तर त्या तडतडून एक माझ्या चष्म्यावर, एक देवाच्या खोलीत. मिक्सरमधून काढून, उकळून, गूळ घालून प्यायलो. करपलेल्या नाचणीची आठवण यावी अशी चव. बायकोने एक घोट घेतला आणि कप सिंकमध्ये ठेवला, काही न बोलता. दक्षिणेत निळीच्या हौदात या बिया उकळून घालतात, नीळ आंबावी म्हणून. आणि सगळ्यात भारी म्हणजे या बियांपासून कॅसिया गम नावाचा डिंक काढतात, तो कुत्र्या-मांजरांच्या डब्यातल्या ओल्या खाण्यात घट्टपणा यायला घालतात. आमचा बोका दुपारभर तायखिळ्याच्या सावलीत पाय वर करून झोपतो आणि संध्याकाळी सत्तर रुपयांचं पाकीट खातो. आईला मी हे सांगितलं. तिने एकदा बोक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "पयशे दिवन हाडपाची तुका संवयच आसा." म्हणजे पैसे देऊन आणायची तुला सवयच आहे.

वेडेलिया पूर्ण गेलं असं नाही. मोरीच्या पाइपाखाली मधूनच एक चकचकीत पान येतं, मी ते काढतो, महिन्याने परत येतं. कुळागरवाल्यांकडे दर दोन महिन्यांनी एक रविवार जाऊन त्यांच्या पोफळींखालचं मी उपटून देतो, त्यांनी सांगितलेलं नाही, मीच जातो. ते नको नको म्हणतात आणि चहा देतात.

मागच्या ऑक्टोबरमध्ये परत पुण्याला जायचं होतं. फोंड्याहून रात्रीची बस, आणि मी साडेसहाला उतारावर, कपाळाला टॉर्च बांधून, कारण आईने सकाळपासून चार वेळा विचारलं होतं की सांगो काढल्या का, म्हणजे शेंगा. पानं मिटलेली, त्यामुळे शेंगा छान दिसत होत्या. झाडं उपटली, शेंगा पेपरात गुंडाळल्या, पेपर पायरीवर ठेवला, हातपाय धुतले, बॅग उचलली, बस.

पुण्यात लेकीच्या खोलीवर बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून चार्जर काढला तर त्याच्याबरोबर वाकडी एक शेंग बाहेर आली, पूर्ण वाळलेली, आणि फरशीवर पडताच तडकली. बिया पलंगाखाली, कपाटाखाली, खुर्चीखाली. लेक म्हणाली, बाबा, हे काय आणलंस? मी गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागलो. बावीस सापडल्या. खिडकीच्या गजाला टांगलेल्या तिच्या कुंडीत एक वाळून गेलेली तुळस होती, माती नुसतीच. बाकीच्या बिया बहुतेक कपाटामागे गेल्या असतील, असं मी तिला सांगितलं.